कॅनडाचे गुणपत्रक

ओटावाच्या संसदेत ठेवलेला एखादा कागद पुण्याच्या कोथरूडमध्ये किंवा नाशिकच्या कॉलेज रोडवर कोणाची झोप उडवील, असे आमच्या पिढीला तरुणपणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. आज ती वस्तुस्थिती आहे. कॅनडाने नोव्हेंबर 2025 मध्ये पुढील तीन वर्षांत किती परकीयांना कायम वास्तव्याचा हक्क द्यावयाचा त्याचा आराखडा प्रसिद्ध केला आणि दर वर्षाचा आकडा 3 लाख 80 हजार ठरविला. दोनच वर्षांपूर्वी, 2023 साली, त्याच पक्षाच्या सरकारने 2025 साठी 5 लाखांचे आश्वासन दिले होते. 24 ऑक्टोबर 2024 रोजी ते 3 लाख 95 हजारांवर आणले गेले. एका वर्षाच्या आकड्यातून एक लाखाहून अधिक माणसे अशी एका सकाळी वगळली गेली. त्यांत आपल्याकडची किती होती हे कोणी मोजलेले नाही. परंतु ज्यांनी नोकरी सांभाळून रात्री इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास केला, बँकेतील ठेवी मोडल्या आणि लग्नाचा वा घराचा विचार पुढे ढकलला, अशी चार तरी घरे या पत्राच्या प्रत्येक वाचकास ठाऊक असतील.

आपल्या घरात किती माणसे राहावीत हे ठरविण्याचा अधिकार घरधन्याचा आहे. टोरांटो-व्हँकूव्हरमध्ये घरभाडी तेथल्याच माणसाला परवडेनाशी झाली, तेव्हा तेथील मतदार चिडला आणि सरकारने दार थोडे लोटून घेतले, यात अघटित असे काही नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. दार लोटताना ज्या परीक्षेच्या नावाने ते उघडे ठेवले जाते, त्या परीक्षेचे स्वरूपच आता पालटले आहे. आणि ही गोष्ट परीक्षार्थींना कोणी स्पष्टपणे सांगत नाही.

ही परीक्षा मुळात न्यायबुद्धीतून जन्मली, हे आम्ही प्रथम कबूल करतो. 1908 साली कॅनडाने असा हुकूम काढला की मायदेशाहून वाटेत न थांबता थेट प्रवास करून येणाऱ्यासच बंदरात उतरू द्यावे. त्या काळी हिंदुस्थानातून कॅनडाला तसा थेट प्रवास करण्याची सोयच नव्हती. हुकुमात हिंदी माणसाचे नाव नव्हते. काम मात्र नेमके त्याला अडविण्याचे होते. 1914 च्या मे महिन्यात गुरुदित सिंग यांनी भाड्याने घेतलेली ‘कोमागाता मारू’ 376 प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला पोहोचली, दोन महिने किनाऱ्यासमोर उभी राहिली आणि मोजके लोक सोडून बाकीच्यांना घेऊन परत फिरली. बंगालमध्ये बजबजला उतरताच त्या प्रवाशांवर गोळीबार झाला. स्वातंत्र्यानंतर, 1951 साली, साऱ्या भारताच्या वाट्याला वर्षाकाठी अवघ्या 150 जागा आल्या. अशा देशाने 1967 च्या ऑक्टोबरात गुणपद्धती आणली. शिक्षण, वय, भाषा, धंद्यातील कौशल्य यांना गुण. शंभरांपैकी पन्नास मिळाले की उत्तीर्ण. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या मतालाही काही गुण होते, ही त्यातील कसर. तरीही माणसाची कातडी न पाहता त्याची विद्या पाहावी, हे तत्त्व एका गोऱ्या राष्ट्राने लेखी मान्य केले होते. त्या पद्धतीने असंख्य भारतीय डॉक्टर, अभियंते आणि शिक्षक तेथे गेले.

उत्तीर्ण होणे आणि पहिला येणे यांत अंतर आहे. शाळेत पस्तीस गुण मिळविणारा मुलगा वरच्या वर्गात जातो. शेजारच्या बाकावरील मुलाला नव्वद मिळाले म्हणून त्याचे पस्तीस बुडत नाहीत. 1 जानेवारी 2015 पासून कॅनडाने ‘एक्सप्रेस एन्ट्री’ सुरू केली आणि परीक्षेची शर्यत झाली. आता कुशल कामगार म्हणून शंभरांपैकी 67 गुण मिळविले की केवळ रांगेत उभे राहता येते. पुढे 1200 गुणांचे दुसरे मापन असते. सरकार वेळोवेळी सोडत काढते, वरच्या काही हजारांना निमंत्रण देते आणि बाकीचे तेथेच उभे राहतात. वर्षभरात निमंत्रण न आले तर नाव रांगेतून गळते. पुन्हा नोंदवावे लागते.

या मापनात आपला मुलगा कोठे बसतो ते पाहू. एकोणतीस वर्षांचा अविवाहित पदवीधर अभियंता घ्या. वयाचे 110, पदवीचे 120. इंग्रजीच्या परीक्षेत त्याने श्रवणात आठ आणि वाचन, लेखन, संभाषण यांत सात-सात मिळविले, म्हणजे त्याचे 124. येथील तीन वर्षांच्या नोकरीचे आणि पदवीचे, चांगल्या इंग्रजीच्या जोडीने मिळणारे, आणखी 75. एकूण 429. तो एम. टेक. असेल तर 469. आणि 2025 साली तेथेच राहून काम करणाऱ्यांसाठी ज्या सोडती निघाल्या, त्यांतील शेवटचा निवडलेला माणूसदेखील पाचशेंच्या वर होता! कोणताही वर्ग न लावता सर्वांसाठी खुली असलेली सोडत तर एप्रिल 2024 नंतर 2025 अखेरपर्यंत निघालीच नाही. म्हणजे भारतात राहून, स्वतःच्या गुणांवर, बाहेरचा कसलाही टेकू न घेता अर्ज करणाऱ्या चांगल्या अभियंत्याला या शर्यतीत अंतिम रेषा दिसतच नव्हती. त्यात वय थांबत नाही. तिसाव्या वाढदिवशी 110 चे 105 होतात, पस्तिसाव्या वर्षी 77, चाळिसाव्या वर्षी 50, आणि पंचेचाळीस झाली की शून्य. ज्या वयात आपल्याकडे माणसाला अनुभवी म्हणून मान मिळू लागतो, त्या वयात तेथील कोष्टक त्याच्या नावापुढे रोज थोडे थोडे खोडत असते.

येथे आमच्या जुन्या पेशाची एक आठवण आल्यावाचून राहत नाही. शाळेत नाव घालताना ज्या पोराच्या जन्माची नोंद कोणाकडे नसे, त्याची जन्मतारीख गुरुजी 1 जून लिहीत. आम्हीही लिहिल्या आहेत. वर्षाचा अंदाज पोराच्या उंचीवरून! जनरल रजिस्टरात दौत-टाकाने टाकलेला तो अंदाज तीस-पस्तीस वर्षांनी परदेशी कोष्टकात पाच-सहा गुणांचा हिशेब मांडील, हे कोणाच्या ध्यानीमनी होते? नावांचा घोळ तर विचारूच नये. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पारपत्रावर क्रम वेगळा. आणि लग्नात मुलीचे नावही बदललेले असेल तर एकाच बाईच्या तीन बायका होतात. अलीकडे पुष्कळ जोडप्यांत गुण पत्नीचे अधिक भरतात म्हणून अर्जात ती मुख्य आणि पती तिच्या पाठीमागे असतो. त्या अर्जाचा सारा भार ज्या पदवीवर, त्या पदवीवरचे नावच तिचे उरलेले नसते. मग शपथपत्रे, राजपत्रातील जाहिरात आणि विद्यापीठाच्या खिडकीसमोर गुणपत्रकांच्या प्रतींसाठी खेपा.

शर्यत तरी ठरल्या मार्गाने धावावी! 13 फेब्रुवारी 2021 रोजी, महामारीने सीमा बंद असताना, कॅनडाने आधीच तेथे काम करणाऱ्यांची सोडत काढली आणि 27,332 जणांना निमंत्रणे दिली. शेवटच्या निवडलेल्याचे गुण होते 75. त्याच वर्गातील माणसाला 2025 साली पाचशेही पुरले नाहीत. 2023 पासून तर मंत्री वर्ग निवडू लागला. त्या वर्षी वाहतुकीचे धंदे निवडलेल्या वर्गांत होते. 2025 साली ते गेले आणि शिक्षक आले. फ्रेंच जाणणाऱ्यांच्या सोडतीत फेब्रुवारी 2024 मध्ये 336 गुणांवर निमंत्रण गेले, कारण क्वेबेकबाहेरील फ्रेंच भाषकांचे घटते प्रमाण सावरणे हे तेथील सरकारचे धोरण आहे. नोकरी देणाऱ्याचे पत्र असेल तर पूर्वी पन्नास किंवा दोनशे गुण मिळत. 25 मार्च 2025 रोजी ते रद्द झाले. ज्याने त्या पत्रासाठी दोन वर्षे घालविली, त्याने काय करावे? कॅनडाच्या दृष्टीने प्रत्येक बदलाला कारण आहे, बनावट नोकरीपत्रांचा बाजार मोडण्याचे कारण तर योग्यच आहे. पण तयारीला तीन वर्षे लागणारी आणि नियम सहा महिन्यांत बदलणारी गोष्ट परीक्षा नव्हे. तिला सोडत हे जे नाव पडले आहे, तेच खरे. तीत ज्याचा क्रमांक लागला नाही, तो आपल्या धंद्यात उणा ठरला असे कोणी समजू नये, त्याच्या घरच्यांनी तर मुळीच नव्हे.

धोका पुढेच आहे. येथून गुण पुरत नाहीत असे कळले की सल्लागार म्हणतो, आधी विद्यार्थी म्हणून जा. शिक्षणानंतर तीन वर्षांपर्यंत कामाचा परवाना मिळेल, वर्षभर काम कर, मग पी. आर. ठेवलेलेच. काही काळ हे खरेही होते. परंतु जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली आणि नोव्हेंबर 2024 पासून पदवीव्यतिरिक्तच्या अनेक महाविद्यालयीन अभ्यासक्रमांना तो कामाचा परवाना मिळेनासा झाला. कर्ज मात्र पूर्वीइतकेच फेडावयाचे असते. प्रवेशपत्रेच खोटी निघाल्याने 2023 साली शेकडो विद्यार्थी, बहुतेक पंजाबचे, हद्दपारीच्या छायेत उभे राहिले, तेव्हा कित्येकांना आपले पत्र खोटे असल्याचे प्रथमच कळत होते. त्या व्यवहारातील एका दलालास 2024 मध्ये कॅनडातील न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली.

काही गोष्टी मात्र तरुणांच्या हाती आहेत. ‘एक्सप्रेस एन्ट्री’त नाव नोंदविण्यास कॅनडाचे सरकार एक पैसाही घेत नाही, गुणांचे कोष्टक सर्वांसाठी खुले आहे, तेव्हा आपली बेरीज आपणच करावी. पैसे घेऊन अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार त्या देशाच्या कायद्याने वकील, पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी आणि तेथील सल्लागार-महाविद्यालयाच्या नोंदवहीतील सभासद यांनाच आहे, आणि ती नोंदवही कोणासही पाहता येते. ज्या कचेरीच्या भिंतीवर मेपलचे पान रंगविले आहे, तेथील माणसाचे नाव त्या वहीत आहे का, एवढे पैसे देण्याआधी विचारावे.

बाकीचे काम सरकारचे आहे. आपला 1983 चा उत्प्रवास कायदा परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या दलालांपुरता लिहिला गेला. कायम वास्तव्याचा सल्ला विकणारा किंवा विद्यार्थी पाठविणारा त्याच्या कक्षेत नीट बसत नाही. पंजाबने 2012 साली स्वतःचा कायदा करून अशा व्यावसायिकांना परवाना सक्तीचा केला. त्याची अंमलबजावणी आदर्श झाली असे तेथील अनुभव सांगत नाही; तरी फसलेल्या माणसाला बोट ठेवण्यास एक कलम तरी मिळाले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तो कायदा मागवून घ्यावा, त्यातील उणिवा टाळाव्यात, आणि विद्यापीठांनी गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती किती दिवसांत द्याव्यात याची मुदतही त्याच अधिवेशनात बांधून द्यावी.