आधी वाचा, मग बाजू घ्या

ग्रामसभेत कुणी "गाडगीळ" असा शब्द काढला की सभेचे दोन तुकडे होतात. एका कोपऱ्यातून आवाज येतो, "म्हणजे आता गोठ्याचं छप्पर बदलायलाही दिल्लीची परवानगी आणायची काय?" दुसऱ्या कोपऱ्यातून, "त्यापेक्षा कस्तुरीरंगन बरा." तिसरा म्हणतो, दोघंही शहरातले, त्यांना आमच्या वरकस जमिनीचं काय कळणार. तासभर हमरीतुमरी होते, सरपंच सभा आटोपती घेतात, ठरत काहीच नाही. सभेनंतर टपरीवर चहा घेताना मी हटकून विचारतो, "यातला एक तरी अहवाल कुणी उघडून पाहिलाय?" उत्तर ठरलेलं असतं, "वाचायला कुणाला वेळ आहे, मास्तर?"

मी हसतो, पण हसण्याचा हक्क मला नाही. २०१३ साली मीही न वाचताच बाजू घेतली होती. डोंगर वाचवणारा तो चांगला, एवढ्यावर माझं मत तयार झालं होतं. पुढे अहवाल हातात घेतला तेव्हा कळलं, की ज्यांच्या नावानं मी भांडत होतो त्यांचं म्हणणं मला ठाऊकच नव्हतं, आणि ज्यांच्याविरुद्ध भांडत होतो त्यांचं तर मुळीच नव्हतं.

म्हणून हे आवाहन. पश्चिम घाटाचा किती भाग पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील ठरवायचा, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो आपल्या दारातला आहे. महाराष्ट्राचं सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर आणि गोव्याचं १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित संवेदनशील पट्ट्यात येतं. यात भांडायला माझी हरकत नाही. फक्त भांडण नेमकं कशाचं आहे, ते आधी समजून घ्या.

ज्यांच्या गटांनी हे दोन अहवाल दिले, ते दोघे गृहस्थ कोण होते ते पाहू. माधव गाडगीळ पुण्याचे, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे चिरंजीव. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी कित्येक वर्षं परिसरशास्त्राचं काम केलं. के. कस्तुरीरंगन अवकाशशास्त्रज्ञ, १९९४ ते २००३ या काळात इस्रोचे प्रमुख. अलीकडच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा मसुदाही त्यांच्याच समितीचा. यातला कुणी खाणमालकाचा माणूस नव्हता, की विकासाचा वैरी नव्हता. "एक पायी हिंडणारा, दुसरा आकाशातून बघणारा" अशी गोष्ट सांगितली जाते. ऐकायला छान वाटते, पण खरी नाही. गाडगीळांच्या गटानंही घाटाच्या नकाशावर साधारण नऊ किलोमीटर बाजूच्या चौकटी आखून प्रत्येक चौकटीला गुण दिले होते.

गाडगीळांचा गट मार्च २०१० मध्ये नेमला गेला आणि ऑगस्ट २०११ अखेर त्यानं अहवाल दिला. मग तो अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयात पडून राहिला. केरळमधल्या एका नागरिकानं माहितीच्या अधिकारात तो मागितला, तेव्हा मंत्रालय नाही म्हणालं. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि हरलं. मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. जवळजवळ नऊ महिने कागद बंद आणि तोंडं मोकळी होती. "घर बांधता येणार नाही", "शेती बंद", "गाव उठवणार" या सगळ्या आवया अशाच काळात रुजतात, आणि एकदा रुजलेली आवई नंतर अहवालानं उपटली जात नाही.

आता वादाचं मूळ. गाडगीळांनी सबंध घाटच नाजूक मानला आणि त्याचे कडक, मध्यम व सौम्य असे तीन स्तर केले. त्यांचं एकक तालुका होतं. त्यानंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन गटानं उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचे दोन भाग पाडले: जिथं अजून निसर्ग उभा आहे तो, आणि जिथं वस्ती, शेती, बागा आहेत तो. पहिल्या भागापैकी समृद्ध, सलग आणि विरळ वस्तीचा पट्टा निवडून त्यांनी तेवढाच संवेदनशील धरला. त्यांचं एकक गाव. गावाचा वीस टक्के किंवा त्याहून जास्त भाग अशा निसर्गाखाली असेल, तर ते गाव यादीत.

दोन्ही पद्धतींत खोट आहे, आणि ती ओळखायला डॉक्टरेट लागत नाही. तालुका एकक धरलं की बाजारपेठेचं गाव आणि देवराईचं गाव एकाच रंगात येतात. गाव एकक धरलं की एकवीस टक्केवालं गाव आत आणि शेजारचं एकोणीस टक्केवालं बाहेर राहतं. मग चिरेखाण उठून शेजारी जाते, धूळ मात्र दोन्ही गावांवर बसते. आणि आमच्या कातळसड्याचं काय? एरवी तो काळा ओसाड माळ दिसतो, पावसात त्याच्यावर फुलांचा गालिचा पसरतो. उपग्रहाच्या वर्गवारीत आपला सडा कशात गेला, हे गावानं विचारायला हवं. हे प्रश्न तज्ज्ञाला विचारण्यात त्याचा अपमान नाही. चांगल्या तज्ज्ञाला असे प्रश्न आवडतात.

आकड्यांचा घोळ आणखी गमतीचा. वर्तमानपत्रांत "गाडगीळ ६४ टक्के, कस्तुरीरंगन ३७ टक्के" अशी जोडी छापून आली आणि लोकांनी ती मेथीच्या दोन जुड्यांसारखी तोलली. पण दोघांचा घाट एक नव्हता. गाडगीळ गटानं घाटाचं क्षेत्र सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर धरलं होतं, कस्तुरीरंगन गटानं १ लाख ६४ हजार. छेदच वेगळा असताना टक्क्यांची तुलना करायची कशी? शाळेत अपूर्णांक शिकवताना मुलांनी अशी चूक केली असती तर मी कान धरला असता. तेव्हा माझी पहिली विनंती एवढीच, की टक्का ऐकला की लगेच विचारा, "कशाचा?"

दुसरं असं, की दोघांचं कुठं पटलं तेही पाहा. याकडे कुणी बघतच नाही. कस्तुरीरंगन गटानंही आपल्या पट्ट्यात खाणकाम, दगडखाण आणि वाळूउपसा बंद करायला सांगितला, चालू खाणींना पाच वर्षांची मुदत दिली. औष्णिक वीज प्रकल्प नको, लाल श्रेणीतले प्रदूषणकारी उद्योग नकोत, वीस हजार चौरस मीटरवरची बांधकामं नकोत. म्हणजे सभेत "आम्हाला कस्तुरीरंगन चालेल" म्हणणाऱ्या चिरेखाणवाल्यानं तो अहवाल वाचला असता, तर त्याला रात्रभर झोप लागली नसती. इतक्या वेगळ्या वाटांनी निघालेले दोन गट खाणींबाबत एकाच ठिकाणी पोचत असतील, तर त्या मुद्द्याला वजन आहे असं समजा.

मग खरा मतभेद कुठं? माझ्या मते, ठरवायचं कुणी, यात. गाडगीळांचं म्हणणं होतं, आम्ही आखलेल्या सीमा हा प्रस्ताव आहे. तो ग्रामसभांपुढे न्या, त्यांनी बदल सुचवावेत आणि शेवटची रेघ त्यानंतर पडावी. सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांनी ग्रामसभेचे ठराव करून आपला भाग संवेदनशील जाहीर करण्याची मागणी केली होती, याची नोंद त्यांच्या अहवालात आहे. कस्तुरीरंगन गटाची काळजी वेगळी होती. घाटाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग माणसांनी वसवलेला आहे. त्यावर सरसकट बंधनं घातली तर लोक बिथरतील आणि उरलेलं जंगलही जाईल. त्यापेक्षा थोडं क्षेत्र घट्ट जपा, बाकीच्यांना प्रोत्साहन द्या. केरळात इडुक्की, वायनाडकडे जे आंदोलन पेटलं ते पाहता ही काळजी पोकळ नव्हती. पण गंमत अशी, की लोक बिथरले ते कस्तुरीरंगन अहवालावरही.

गाडगीळांनी २०१३ मध्ये कस्तुरीरंगन यांना खुलं पत्र लिहिलं. पत्र चांगलंच झोंबणारं होतं. आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांचं काय काम, हा सूर त्यांना अहवालात दिसला आणि त्यांनी तो सोडला नाही. लोट्याच्या रासायनिक वसाहतीचं उदाहरण त्यांनी दिलं: कारखान्यांत अकरा हजारांना काम मिळालं, पण सांडपाण्यानं वीस हजार मच्छीमारांचा धंदा बसला. ते पत्र मी विद्यार्थ्यांना देतो, कारण कडाडून विरोध करतानाही समोरच्याच्या हेतूवर बोट न ठेवता त्याच्या वाक्यावर बोट कसं ठेवावं, हे त्यात दिसतं. आपल्याकडे सभ्यपणा म्हणजे मुळमुळीतपणा अशी समजूत आहे. "जाऊ दे, दोघांचंही बरोबर" म्हणणारा माणूस सभ्य नसतो, आळशी असतो. आणि "हा परदेशी पैशांवर जगतो", "तो खाणवाल्यांनी विकत घेतलेला" असं म्हणणाऱ्यानं तर वाचायचं टाळण्याची सोय करून ठेवलेली असते.

घाटात मोजण्याचे प्रश्न आहेत आणि ठरवण्याचे प्रश्न आहेत. ही फोड करायला शिका. उतार किती अंशाचा, माती किती जाड, झरे कुठं फुटतात, जंगल सलग आहे की तुटलेलं, हे मोजण्याचं. ते जाणकारांवर सोडावं, दोघांत अंतर पडलं तर तिसऱ्याला मोजायला लावावं. पण खाणीतल्या पाचशे रोजगारांसाठी खालच्या वाडीचा झरा आटू द्यायचा का, हे कुणाच्याही यंत्रात दिसत नाही. तिथं तज्ज्ञाचं मत एक मत, आणि झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बाईचंही एक. तज्ज्ञ जेव्हा ठरवण्याचा प्रश्न मोजण्याच्या भाषेत गुंडाळून देतात, तेव्हा त्यांना थांबवा. गावकरी जेव्हा मोजण्याचा प्रश्न हात वर करून मिटवू पाहतात, तेव्हा त्यांनाही थांबवा. डोंगराचा उतार बहुमतानं कमी होत नाही.

मोजण्यातही जाणकार चुकतात, हे ध्यानात असू द्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच नंतर सांगितलं. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर कुणी पडकईसाठी, म्हणजे उतारावरच्या भातखाचरांसाठी, यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाला दोष दिला, कुणी म्हणालं तेवढ्या पावसात तो उतार कसाही सुटलाच असता. अशा वेळी "गाडगीळ अहवाल मान्य केला असता तर माणसं वाचली असती" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला, तो तुमच्या बाजूचा असला तरी, विचारा, की ते गाव नेमकं कोणत्या स्तरात येत होतं, आणि त्या स्तरात नेमकं कशावर बंदी होती. मीही डोंगराच्याच बाजूचा आहे, पण प्रेतांवरून वाद जिंकायची ही सवय मला नकोशी वाटते.

तज्ज्ञांनाही दोन शब्द. मराठीत लिहा. सोपं करून पाठवलेलं पत्रक नको. नकाशा, निकष आणि शंका असलेलं पूर्ण लिखाण हवं. आणि आपलं म्हणणं कोणत्या पुराव्यानं चुकीचं ठरेल, तेही एका परिच्छेदात लिहा. भातशेती करणाऱ्या माणसाला अंदाज चुकणं नवीन नाही. तो तुम्हाला हसणार नाही, उलट पुढचं वाक्य लक्ष देऊन ऐकेल.

आता कामाचं. केंद्र सरकारनं या पट्ट्याच्या अधिसूचनेचे मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत सहा मसुदे काढले. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडमध्ये दरड कोसळली त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. प्रत्येक मसुद्यावर हरकती व सूचनांसाठी साठ दिवस असतात. मसुद्यासोबत गावांची यादी असते; तालुक्याखाली आपल्या गावाचं नाव शोधा. इंग्रजी अक्षरांत ते ओळखू येणार नाही इतकं वेडंवाकडं लिहिलेलं असतं, म्हणून तलाठ्याला नाहीतर कॉलेजात जाणाऱ्या पोराला सोबत घ्या. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असेल. तिची नोंदवही मागवा, कोरी निघाली तर झरे, देवराई, सडे आणि दरडीच्या जुन्या खुणा भरायला घ्या. म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर एका दुपारी अर्धी वही भरेल.

मग ग्रामसभेत एक साधी गोष्ट करून पाहा. बोलायला उठणाऱ्यानं आधी समोरच्या बाजूचं म्हणणं सांगायचं, समोरचा "हो, असंच" म्हणाला की मगच स्वतःचं मांडायचं. सुरुवातीला हशा पिकेल. पण चिरेखाणवाला झऱ्याची बाजू मांडतोय आणि झरेवाली बाई खाणीतल्या मजुरीचा हिशेब सांगतेय, असं एकदा घडलं की त्या सभेत आवाज चढायला वेळ लागतो. ठराव झाला तर सूचना म्हणून पाठवा. मतं फुटली तर दोन्ही मतं कारणांसह पाठवा. फुटलेल्या मताचीही नोंद होऊ द्या.

तारखांचं भान मात्र ठेवा. जुलैअखेर मसुदा निघाला तर साठ दिवस सप्टेंबरअखेरीच संपतात. २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्यानंतर येते. हाती राहते ती १५ ऑगस्टची, आणि तेव्हा लावणी नुकतीच उरकलेली असते, निम्मा गाव बेणणीला शेतात असतो. झेंडावंदनाला मात्र सगळे येतात. यादीच्या पाच प्रती काढून त्या सकाळी शाळेच्या पडवीत टेबलावर ठेवा, वर दगड ठेवायला विसरू नका, वारा फार असतो.