स्प्रिंगांचा कडकपणा आणि मोटारीचा सांगाडा

इंदूरच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न वरवर पाहता लहान आहे. घरातल्या सहा वर्षांच्या मोटारीस त्यांनी गेल्या वर्षी सी. एन. जी.ची टाकी बसवून घेतली. पन्नास-साठ किलोंची ती टाकी डिकीत आल्यापासून गाडीचा मागचा भाग दबलेला दिसतो, आणि सणासुदीला पाच माणसे व सामान घेऊन निघाले की गतिरोधकावर तळ घासतो. ओळखीच्या कारागिराचे म्हणणे असे की, कडक स्प्रिंगा घाला, म्हणजे गाडी वर उचलली जाईल. चिरंजीवांचेही म्हणणे कडक स्प्रिंगा घाला असेच आहे. परंतु त्यांस गाडी शर्यतीच्या मोटारीसारखी चार बोटे खाली बसलेली हवी आहे. एकाच औषधाने बापाची गाडी चढणार आणि लेकाची उतरणार! दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे पत्रलेखक विचारतात. कोणाचेच ऐकू नये, हे आमचे उत्तर आहे. पण नुसत्या उत्तराने घरातला वाद मिटत नसतो, त्यास कारणे द्यावी लागतात.

बैलगाडीच्या साट्याखाली स्प्रिंग नसते. चाक दगडावर चढले की साटाही तितकाच चढतो, आणि त्याबरोबर बसणाराही. गाडी मंद चालते व जाड लाकडाची असते म्हणून ती हे सोसते. ताशी साठ-सत्तर किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस हे परवडणारे नाही. तेथे चाकाने वरखाली व्हावे आणि गाडीच्या अंगाने शक्य तितके स्थिर राहावे, अशी योजना केलेली असते. स्प्रिंग दबते व पुन्हा ताणली जाते. तिचे हेलकावे थांबविण्याचे काम शॉक-अब्सॉर्बर, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील शॉकअप, करतो. प्रवाशांची कंबर वाचते हा या योजनेचा एक लाभ झाला. गाडीचा सांगाडा वाचतो हा दुसरा. पण तो डोळ्यांस दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही.

तो आपण मोजून पाहू. एका चाकावर गाडीचे २२० किलो वजन आहे, आणि स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबण्यास २० किलो भार लागतो असे धरा. उभ्या गाडीत ती स्प्रिंग ११ सेंटिमीटर दबलेली असेल. आता चाक झटकन ५ सेंटिमीटर उंचवट्यावर चढले, तर स्प्रिंगेतून अंगावर येणारा भार १०० किलोंनी वाढून ३२० होईल. पुढे तितकाच खोल खड्डा आला तर तो १२० वर उतरेल. आता तिच्या जागी सेंटिमीटरला ५० किलो लागणारी कडक स्प्रिंग घाला. ती उभ्या गाडीत साडेचार सेंटिमीटरही दबणार नाही. त्याच उंचवट्यावर भार ४७० किलोंपर्यंत जाईल, आणि त्याच खड्ड्यात तो शून्यावर येईल. कारण चाक तळाशी पोचण्याच्या आधीच स्प्रिंगेचा दाब संपलेला असेल. म्हणजे ज्या घट्ट पकडीसाठी चिरंजीव हा खर्च करू पाहतात, ती पकड आपल्या खडबडीत रस्त्यावर नेमकी सुटते! हा हिशोब ढोबळ आहे, शॉकअपचा परिणाम त्यात धरलेला नाही. पण पहिल्या स्प्रिंगेने सांगाड्याला २०० किलोंच्या चढउतारात झुलविले, तर दुसरीने ४७० किलोंच्या, हा फरक ध्यानात ठेवावा. पुढील सर्व नुकसान या फरकातून जन्मते.

आता हा भार जातो कोठे? जीप, ट्रक किंवा बोलेरोसारख्या गाड्यांना पोलादी तुळयांची शिडीसारखी चासी असते आणि पाटे किंवा स्प्रिंगा तिला टेकलेल्या असतात. परंतु आजच्या बहुतेक कौटुंबिक मोटारींना वेगळी चासीच नसते. इटलीतील लान्सिया कंपनीने १९२२ मध्ये आणि फ्रान्सच्या सित्रोएनने १९३४ मध्ये ज्या रचनेचा पुरस्कार केला, त्या रचनेत गाडीचे अंग हाच तिचा सांगाडा असतो. आपल्याकडे अँबेसेडर अशीच होती व १९८३ साली आलेली मारुती ८०० देखील. पातळ पत्रे दुमडून, एकमेकांवर ठेवून, काही हजार ठिकाणी ठिपक्याठिपक्यांनी वेल्डिंग करून हे अंग उभे केलेले असते. फणसाची चारखंडे काढून टाकली तर साल जशी चेपते, तसे हे अंग सुटे केले तर दुबळे आणि एकसंध असता बळकट असते.

पुढच्या चाकांवर बहुधा मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात स्प्रिंग व शॉकअप एकाच उभ्या दांड्याभोवती बसविलेले असतात आणि दोघांचाही जोर बॉनेटखालच्या एका बुरुजासारख्या भागाच्या माथ्यावर एकवटतो. कडक शॉकअपचे दुखणे तर आणखी सूक्ष्म आहे. स्प्रिंगेचा जोर ती किती दबली यावर अवलंबून असतो, पण शॉकअपचा जोर ती किती वेगाने दबली यावर ठरतो. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळते तेव्हा अंतर थोडे असले तरी वेग मोठा असतो, म्हणून कडक शॉकअप त्या क्षणी लोखंडी खुंटीसारखा वागतो. त्यातच उत्साही मंडळी माथ्यावरचे रबराचे बुश काढून तेथे धातूचे सांधे बसवितात. मग मध्ये उशी अशी राहतच नाही.

एका तडाख्याने पत्रा फाटत नाही, हे खरे; आणि येथेच लोक फसतात. सहा महिने गाडी उत्तम चालते, वळणावर कलत नाही, मालक खूष असतो. परंतु धातूला थकवा येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रशियातील रेल्वेगाड्यांचे आस अचानक मोडू लागले, तेव्हा आउगुस्ट व्योलर या अभियंत्याने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले की, जो भार एकदा दिला असता आस सहज पेलतो, तोच भार उलटसुलट लक्षावधी वेळा दिल्यास आस मोडतो; आणि यात भाराच्या कमाल आकड्यापेक्षा त्याच्या चढउताराचे महत्त्व अधिक असते. वेल्डिंगच्या सांध्यांबाबत अभियंते आज असा ठोकताळा वापरतात की, ताणाचा चढउतार दुप्पट झाला तर सांध्याचे आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते. वरच्या उदाहरणातील २०० आणि ४७० या आकड्यांना तोच नियम लावला तर आयुष्य सुमारे तेराव्या हिश्श्यावर येते. कारखानदाराने सांधे बरेच राखून बांधलेले असतात म्हणून प्रत्येक गाडी काही तडकत नाही. मात्र ती राखीव शक्ती जुन्या, गंजलेल्या, किंवा एकदा अपघातात दुरुस्त झालेल्या गाडीत उरलेली असेलच असे नाही.

चिरंजीवांना आवडणाऱ्या खाली बसलेल्या गाडीत आणखी एक संकट आहे. स्प्रिंग आखूड केली म्हणजे चाकास वर जाण्यास जागा कमी उरते. तेवढी जागा संपली की शॉकअपच्या दांड्यावरील रबरी ठोकळा आपटतो आणि त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. झटका सरळ बुरुजावर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येईल असा गोलाकार सांगितला आहे. आपल्या गल्लीतील गतिरोधक वाचकांनी एकदा टेपने मोजून पाहावा; करमणूक होईल.

कारागीर सुचवितात त्या बफरची गोष्टही निराळी नाही. स्प्रिंगेच्या दोन वेढ्यांत रबरासारखी जाड कडी ठोकून बसविली की गाडी बोटभर उचलली जाते, खर्चही थोडा. परंतु त्या दोन वेढ्यांची हालचाल खुंटते, उरलेल्या वेढ्यांवर अधिक ताण येतो आणि एकूण स्प्रिंग कडक होते. ओझे मात्र जितके होते तितकेच राहते. गाडीचा मागचा भाग दबला होता ही तक्रार मिटली. पण तो दबला होता म्हणून जे सांगत होता, ते ऐकले गेले नाही.

शर्यतीच्या गाड्यांना कडक स्प्रिंगा असतातच ना, हा प्रश्न चिरंजीव विचारतील आणि तो रास्त आहे. असतात. परंतु त्या गुळगुळीत मार्गावर धावतात, त्यांच्या अंगात पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडलेला असतो, पत्र्यांचे सांधे अखंड वेल्डिंगने भरलेले असतात. शिवाय शर्यतीनंतर त्या उघडून तपासल्या जातात, आणि पंधरा वर्षे कुटुंबाने वापराव्यात अशी कोणाची अपेक्षा नसते. कंपन्या स्वतः जेव्हा एखाद्या मोटारीची वेगवान आवृत्ती काढतात तेव्हा पुष्कळदा सांगाड्यालाही जादा पट्ट्या देतात. बाजारातील स्प्रिंगांच्या खोक्यात त्या पट्ट्या येत नाहीत. दोन बुरुजांना जोडणारा आडवा दांडा बॉनेटखाली बसविल्याने काहीसा आधार मिळतो, पण तो बुरुज एकमेकांकडे झुकू नयेत यासाठी असतो. माथ्यावर खालून बसणारा दणका त्याने थांबत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. सी. एन. जी.ची टाकी बसविल्याची नोंद आपल्या नोंदणीपत्रावर व विम्याच्या कागदांत झाली आहे ना, हे पत्रलेखकांनी या निमित्ताने पाहून घ्यावे.

आता त्यांच्या गाडीविषयी. सहा वर्षांत मूळ स्प्रिंगा व शॉकअप थकले असण्याचा पुष्कळ संभव आहे. थकलेला शॉकअपही सांगाड्याचा शत्रूच. कारण मग चाक नाचते आणि रबरी ठोकळ्यावर वारंवार आपटते. तेव्हा ते प्रथम तपासावेत व बदलावे लागल्यास त्याच गाडीसाठी कंपनीने दिलेलेच, डावा-उजवा जोडीने, घ्यावेत. कंपनी त्याच गाडीची सी. एन. जी. आवृत्ती विकत असेल तर तिच्या मागच्या स्प्रिंगा आपल्या गाडीस चालतील का, हे अधिकृत कर्मशाळेत विचारावे. त्या जादा भारासाठीच योजिलेल्या असतात. टायरमधील हवा पूर्ण भाराच्या प्रमाणात ठेवावी. टाकीचे साठ किलो म्हणजे जवळजवळ एका माणसाचे वजन, म्हणून पाच जण बसले की सामानास कात्री लावणे प्राप्तच आहे.

जे कडक स्प्रिंगा घालून मोकळे झाले आहेत, अथवा जे कोणाची अशी गाडी जुनी म्हणून विकत घेणार आहेत, त्यांनी बॉनेट उघडून दोन्ही बुरुजांचे माथे बॅटरीच्या उजेडात पाहावेत. माथा फुगून वर आला आहे का, बोल्टांभोवती रंगाला केसासारख्या चिरा आहेत का, पत्र्यांच्या जोडावरील लांबी फाटली आहे का, हे पाहावे. मागच्या शॉकअपचे माथे डिकीतील आवरण काढल्यावर दिसतात. दार एकाएकी घट्ट लागू लागणे, खडबडीत रस्त्यावर अंगातून करकर येणे, टायर एकाच कडेने झिजणे, ही लक्षणे इतर कारणांनीही होतात, पण दोन-तीन एकत्र दिसली तर गाडी मोजणीच्या साच्यावर चढवून सांगाडा सरळ आहे की नाही ते पाहून घ्यावे. चीर लहान असता तिच्या टोकाशी छिद्र पाडून, तिची वाढ थांबवून, वेल्डिंग करून वर जोडपत्रा देता येतो. आजच्या गाड्यांतील काही पोलाद मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने आपले बळ गमावते, म्हणून हे काम कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका समोर ठेवून करणाऱ्याकडेच द्यावे, आणि त्याआधी मूळ स्प्रिंगा परत बसवून घ्याव्यात; नाहीतर तोच सांधा त्याच ठिकाणी पुन्हा उलतो.