टोप कुठल्या धातूचा, हे विचारायला हवे

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये दुकानदारांना आणि ग्राहकांना इशारा दिला. ॲल्युमिनियम, पितळ आणि ‘हिंडालियम’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रधातूच्या काही आयात भांड्यांतून अन्नात शिसे उतरते. ती विकू नका, त्यात शिजवू नका. नाव घेऊन सांगितलेले पहिले भांडे भारतात बनलेले होते. पुढे यादी वाढत गेली. अनेक मराठी घरांत ज्याला अजून ‘जर्मनचा टोप’ म्हणतात, त्याच कुळातली ही भांडी.

आपल्याकडे चर्चा मात्र नॉनस्टिक आणि मातीच्या भांड्यांभोवतीच फिरते. नॉनस्टिकचे उत्तर त्यामानाने सोपे आहे: रिकामे तापवू नये, थर खरवडला की टाकून द्यावे. शिशाचे तसे नाही. त्याला वास नाही, रंग नाही आणि भांडे लखलखीत असले तरी त्यात ते असू शकते.

शुद्ध ॲल्युमिनियममध्ये शिशाची भीती नसते. ते येते भंगारातून. जुने इंजिनाचे भाग, रेडिएटर, विजेची मोडकी उपकरणे एकत्र वितळवून भांडी ओतली, की त्या भंगारातले शिसेही भांड्यात येते. पितळेत कापकाम सोपे व्हावे म्हणून काही वेळा ते मुद्दाम घालतात. कल्हईसाठी लागणारे कथील महाग; त्यात स्वस्त शिशाची भेसळ होऊ शकते. मग आंबट, मीठ आणि उष्णता मिळाली की शिसे सुटते. चिंचगुळाची आमटी, टोमॅटोचे सार किंवा कढी त्याच भांड्यात रात्रभर राहिली, तर आणखी.

अमेरिकेत सिएटल परिसरात अफगाण निर्वासित मुलांच्या रक्तात शिसे जास्त आढळत होते. त्याचे कारण शोधताना त्यांच्या घरची ॲल्युमिनियमची पातेली आणि कुकर तपासले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अनेक भांड्यांतून शिसे सुटताना दिसले. स्टेनलेस स्टीलमधून ते कितीतरी कमी सुटत होते.

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या ४ ते ५ पट शोषून घेते. बुद्ध्यांक आणि एकाग्रता घटते, ती भरून येत नाही. गर्भारपणी आईच्या हाडांत साठलेले शिसे सुटून बाळापर्यंत पोहोचते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक होते. रंग, बॅटऱ्यांची भंगार-भट्टी, भेसळीची हळद अशी कारणे अनेक. भांडे त्यांपैकी एक, पण रोज चुलीवर चढणारे.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक केले. निर्णय योग्यच. पण पितळ त्या आदेशात नाही आणि आठवडी बाजारात वजनावर मिळणाऱ्या टोपाला शिक्का कोण विचारतो? तिथली तपासणी वाढली नाही, तर ज्याला महाग भांडे परवडते त्याच्याच घरात हा नियम पोहोचेल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही चटणी, सांबार असे आंबट पदार्थ ॲल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेल्या पितळ-तांब्याच्या भांड्यात साठवू नयेत, असे म्हटले आहे.

सगळी मांडणी एकदम बदलण्याची गरज नाही. आधी आमटी-साराचे पातेले आणि बाळाची पेज शिजते ते भांडे स्टीलचे करावे. भाकरीचा लोखंडी तवा, परतण्याची लोखंडी कढई खुशाल राहू द्यावी. मातीचे भांडे बिनझिलईचे घ्यावे. स्वस्त रंगीत झिलईतही शिसे असू शकते. आणि बिनशिक्क्याचा जुना टोप मोडीत देताना लक्षात असावे, की तो पुन्हा भट्टीतच जातो आणि कुणाच्या तरी नव्या टोपात उतरतो. तो प्रश्न घरात सुटणारा नाही; भंगार वितळवणाऱ्या कारखान्यांच्या धातूची तपासणी सरकारलाच करावी लागेल.