दम मोजायचा, पण कोणत्या मापाने?

क्षमता चाचणीत तुमची ६०० मीटर धावण्याची वेळ नोंदवतात. वर्गात व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी असेल, तर त्याच्या नावापुढे बहुधा 'सूट' असे लिहून मोकळे होतात. माझ्या मते ही सूट अशास्त्रीय आहे.

या चाचणीने आपण काय अजमावतो? फुप्फुसे, हृदय व रक्त मिळून स्नायूंना मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन पुरवू शकतात, ते. मग स्नायू पायांचे असोत वा हातांचे! प्रयोगशाळेत सायकलच्या पॅडलसारखे दांडे हातांनी फिरवायला लावतात आणि उच्छ्‌वासाची हवा तपासून ऑक्सिजनचा वापर काढतात. एक लिटर ऑक्सिजन वापरला, की सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा खर्च झाली असे समजावे.

मात्र आकड्यांची तुलना जपून करावी. हातांचे स्नायू पायांच्या स्नायूंहून लहान असतात. त्यामुळे चालत्या-फिरत्या माणसाचाही हातांनी मिळणारा उच्चांक पायांच्या उच्चांकाच्या साधारण ६० ते ७० टक्केच भरतो. नाडीचेही तसेच. मानेतील मज्जारज्जूला गंभीर इजा झाली, तर हृदयाची गती वाढवणाऱ्या चेतातंतूंचा मेंदूशी असलेला संबंध तुटतो. मग कितीही कष्ट केले तरी नाडी बहुधा १३० च्या पुढे जात नाही. तिथे '२२० वजा वय' हे सूत्र लावून 'याने जोर लावला नाही' असे म्हणणे अन्यायाचे होईल.

आता थोडे गणित करू. माणूस व खुर्ची मिळून ८० किलोग्रॅम आणि सपाट फरशीवरचा विरोध १२ न्यूटन धरा. सेकंदाला १ मीटर वेगासाठी १२ वॉट शक्ती लागेल. १२ मीटरला १ मीटर चढणाऱ्या उतारावर गुरुत्वाकर्षणाचे सुमारे ६५ न्यूटन वाढतात. म्हणजे त्याच वेगाला ७७ वॉट, सहापटीहून अधिक! शिवाय चाके ढकलताना शरीराने खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम दहावा भाग कामी येतो. 'तो तर बसूनच असतो' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

शिक्षकांना माझी सूचना साधी आहे. डॉक्टरांची संमती घ्या आणि सपाट आवारात तो विद्यार्थी ६ मिनिटांत किती अंतर कापतो, ते मोजा. घड्याळ व मोजफीत पुरे. तीन महिन्यांनी तीच खुर्ची, तीच जमीन, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून पुन्हा मोजा. तुलना त्याची त्याच्याशीच करा. हृदय सर्वांनाच जपावे लागते. पण ज्याचा दम कधी मोजलाच नाही, त्याचा तो घटतो आहे हे कळणार तरी कसे? म्हणून यंदा 'सूट' या शब्दाच्या जागी एक आकडा लिहा.