मरणासन्नांची शुश्रूषा : खैरात की हक्क?

कर्करोग बळावला, उपचार संपले आणि इस्पितळाने 'आता घरी न्या' असे सांगितले की कामगार आपल्या खोलीत परततो. त्याला तेव्हा हवे असते वेदना शमविणारे औषध आणि जखम धुणारा हात. तो पुन्हा श्रमशक्ती विकू शकणार नाही. म्हणून भांडवली हिशेबात त्याला किंमत उरत नाही. त्याची शुश्रूषा दानशूरांवर सोपविली जाते. १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालेले शांती अवेदना हे देशातील पहिले हॉस्पिसही धर्मादाय तत्त्वावरच उभे राहिले. अशा सेवाभावाबद्दल आदरच आहे. प्रश्न असा की, परिचारिकेचे दरमहाचे वेतन दानावर किती काळ चालणार?

आधुनिक हॉस्पिस चळवळीचा आरंभ १९६७ साली लंडनमधील सेंट ख्रिस्तोफर्सपासून झाला. त्या देशाचा अनुभव बोलका आहे. इंग्लंडमधील प्रौढांच्या हॉस्पिसना सरासरी सुमारे एक तृतीयांश खर्चच सरकारकडून मिळतो. उरलेला जुन्या कपड्यांची दुकाने, सोडती आणि मृत्युपत्रांतील देणग्या यांतून जमवावा लागतो. महागाई वाढताच २०२४ साली कित्येक हॉस्पिसनी खाटा व नोकऱ्या कमी केल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने १० कोटी पौंड जाहीर केले, ते इमारती व उपकरणांसाठी. खाटेशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पगाराचा प्रश्न तसाच राहिला.

केरळने वेगळी वाट चोखाळली. १९९३ साली कोझिकोड येथे डॉक्टर व स्वयंसेवकांनी काम आरंभिले. पुढे मलप्पुरममध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहानलहान वर्गण्यांवर घरोघरी शुश्रूषेचे जाळे विणले गेले. परंतु या कामाला स्थैर्य आले ते २००८ साली, तत्कालीन डाव्या लोकशाही आघाडी सरकारने उपशामक शुश्रूषेचे धोरण स्वीकारल्यावर. परिचारिका, औषधे व वाहन यांचा भार पंचायती आणि नगरपालिकांच्या योजनानिधीवर आला. स्वयंसेवक व वर्गणीदार सोबत राहिले. तेथेही पंचायतींच्या परिचारिका प्रामुख्याने कंत्राटी आहेत, हे वैगुण्य झाकता कामा नये. अपुऱ्या मानधनावर राबणाऱ्या स्त्रीच्या त्यागावर उभी असलेली सेवा हीदेखील एक प्रकारची सक्तीची देणगीच होय.

केंद्र सरकारने २०१२ साली उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. मात्र त्यासाठी स्वतंत्र तरतूद केली नाही. तरतुदीवाचून कार्यक्रम म्हणजे औषधावाचून दवाखाना.

म्हणून मागणी नेमकी हवी. वेतन, औषधे व प्रवास यांचा नित्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात नोंदवून झाला पाहिजे. परिचारिकांना कायम नेमणूक मिळाली पाहिजे. लोकांची वर्गणी त्यापलीकडच्या गोष्टींसाठी असावी : रुग्णाच्या घरचे धान्य, मुलांची फी, रात्रीची सोबत. ग्रामसभेत, नगरपालिकेत आणि कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत हा प्रश्न साथींनी आग्रहाने मांडावा. ज्याने आयुष्यभर समाजासाठी श्रम केले, त्याला अखेरच्या दिवसांत कोणाच्या दयेची वाट पाहावी लागू नये.