फराळाचा डबा आणि गव्हाची अडचण

दिवाळी जवळ आली की मराठी घरांतून फराळाचे डबे एकमेकांकडे जाऊ लागतात. नाताळात गोव्यातील घरांतून गोडाची तबके शेजारी पोचती होतात. पाश्चात्त्य देशांत ईस्टरला मुलांसाठी खाऊची टोपली भरली जाते. सणाच्या दिवशी एकही मूल आनंदाला पारखे राहू नये, हाच या सर्व चालींमागील हेतू. तथापि ज्या मुलांना गव्हातील ग्लूटेन हे प्रथिन सोसत नाही, त्यांच्या बाबतीत हा हेतू सफल होतो असे म्हणता येणार नाही. आलेला डबा त्यांच्यापुढून उचलून ठेवावा लागतो, आणि इतर भावंडे खात असताना त्यांनी पाहत बसावयाचे असते.

हा प्रश्न आवडीनिवडीचा नव्हे. सीलिॲक या विकारात गहू, जव व राय या धान्यांतील ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तरास इजा होते. लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही, रक्तक्षय जडतो आणि वाढ खुंटते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव दुर्मिळ झाला, तेव्हा अशी मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली, असे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना आढळले. गव्हाचा हा संबंध त्यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडला. त्यास पाऊणशे वर्षे झाली, तरी ही धान्ये आयुष्यभर वर्ज्य करणे हाच आजही एकमेव उपचार आहे. जगात सुमारे शंभरांत एकास हा विकार असतो. भारतात गहू हेच मुख्य अन्न असलेल्या उत्तरेकडे त्याचे प्रमाण अधिक आहे. ‘एका तुकड्याने काय होते?’ हा आपला प्रेमळ आग्रह अशा मुलास घातक ठरतो.

यावर बाजाराने दिलेले उत्तर महाग आहे. ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन चालत नाही. त्याकरिता स्वतंत्र यंत्रसामग्री लागते, तपासणी लागते. मागणी मात्र थोडी. साहजिकच साध्या बिस्किटाच्या कितीतरी पट किंमत पडते. इटलीत अशा रुग्णांना खास खाद्यपदार्थांसाठी दरमहा सरकारी साहाय्य मिळते. आपल्याकडे हा भार सामान्यतः कुटुंबालाच वाहावा लागतो. त्यातच निरोगी, सुखवस्तू मंडळींनी ग्लूटेनमुक्त आहाराची टूम काढल्याने खऱ्या रुग्णाची अडचणही नखऱ्यात जमा होऊ लागली आहे.

वस्तुतः सणाचा खाऊ भरण्यासाठी या महागड्या मालाची फारशी गरजच नाही. बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, शेव, तांदळाचे अनारसे यांत मुळात गहू नसतो. चकलीची भाजणी बहुधा तांदूळ व डाळींची असते. रव्याचे लाडू, शंकरपाळे, चिरोटे आणि करंजीची पारी एवढ्यांचीच खरी अडचण. गोव्याच्या तबकातही बिबिंक आणि नेवऱ्या मैद्याच्या, तर तांदळाचे दोदोल आणि चणाडाळीचे दोस गव्हावाचून होतात. ज्वारी, बाजरी, नाचणी तर आपल्या घरचीच धान्ये आहेत.

मग अडते कोठे? अडते ते माहितीपाशी. बाजारच्या खड्या-पुडीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि तो हिंग चिवड्यात पडतो. गहू दळून झाल्यावर त्याच गिरणीत भाजणी दळली, शंकरपाळे तळलेल्या तेलातच चकल्या सोडल्या, की शुद्ध जिन्नसही निरुपयोगी होतात. कचेऱ्यांतून वाटल्या जाणाऱ्या सोनपापडीत मैदा असतो, हे किती जणांस ठाऊक असते? ज्या मालाचा गुण ग्राहकास पारखता येत नाही, त्या बाजारात प्रामाणिक विक्रेत्याचीही किंमत होत नाही, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले होते. सुट्या मिठाईचा बाजार नेमका असा आहे.

बंद पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्यांचा उल्लेख करणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. सुटी मिठाई किती दिवसांत खावी हेही १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदाराने दर्शविणे आवश्यक झाले. ज्या पाटीवर तारीख लिहिता येते, तिच्यावर ‘यात गहू आहे’ हे तीन शब्द लिहिण्यास असा काय खर्च येणार? सरकारने ही पाटी प्रत्येक मिठाईच्या दुकानात सक्तीची करावी. फराळ विकणाऱ्या महिला मंडळांनी व गृहउद्योगांनी तर सक्तीची वाटही पाहू नये. पदार्थांची यादी छापणाऱ्याकडे गिऱ्हाईक विश्वासाने वळेल.

थोड्या मुलांसाठी साऱ्यांनी आपली रीत का बदलावी, असा आक्षेप येईल. परंतु रीत बदला असे कोणी म्हणतच नाही. करंजी ताटातून जाण्याचे कारण नाही. शाळेत खाऊ वाटण्यापूर्वी शिक्षकाने पालकांना एकदा विचारावे, शेजाऱ्याच्या डब्यात गव्हाचे जिन्नस वेगळे बांधावेत आणि वर पदार्थांची चिठ्ठी ठेवावी, एवढेच मागणे आहे. ती चिठ्ठी वाचून आईला ‘हे तू खा’ असे मुलास निर्धास्तपणे सांगता आले, तर त्या डब्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.