एकच गुणिले, तीन अर्थ

ही ओळ वाचा: प = क * ख.

यात नेमकं काय होतंय, सांगता येईल? क आणि ख पूर्णांक असतील तर साधा गुणाकार. सी प्लस प्लसच्या ‘आयगेन’ लायब्ररीतल्या मॅट्रिक्स असतील तर ओळ गुणिले स्तंभ. त्याच लायब्ररीचे ॲरे असतील तर जागच्या जागी, घटकाला घटक. 3×3 आकारावर शेवटच्या दोन्ही क्रिया बिनतक्रार चालतात. उत्तरं मात्र वेगळी येतात.

याला ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात. मराठीत ‘कर’ म्हणजे हात, टॅक्स किंवा ‘काम कर’मधली आज्ञा. तिथे संदर्भ शेजारीच असतो. कोडमध्ये तो संदर्भ, म्हणजे चलाचा प्रकार, दुसऱ्याच फाइलमध्ये असू शकतो.

नोव्हाय आणि आसपासच्या गावांत आपल्यापैकी अनेकजण गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितात, म्हणून एक उदाहरण तिथलंच. ‘पॉइंटर रिकामा नाही && त्यातली किंमत शून्याहून मोठी आहे’ अशी अट आपण रोज लिहितो. डावी बाजू खोटी ठरली तर उजवी तपासलीच जात नाही, या भरवशावर. पण && ओव्हरलोड केला की तो साधा फंक्शन कॉल होतो आणि दोन्ही बाजू तपासल्या जातात. संरक्षण गेलं, आणि ओळ दिसायला जशीच्या तशी! वाहन उद्योगात वापरल्या जाणाऱ्या मिस्रा सी प्लस प्लस 2008 नियमावलीने &&, || आणि स्वल्पविराम ओव्हरलोड करायला मनाई केली आहे, ती यामुळेच.

माझं म्हणणं असं की नियमावली पुरेशी नाही. हा फरक डोळ्यांना दिसला पाहिजे. जुनं रंगांकन अक्षरांचे साचे जुळवतं, त्याला प्रकार कळत नाहीत. आता लँग्वेज सर्व्हर कोडचं खरं विश्लेषण करतो आणि 2020 च्या प्रोटोकॉल आवृत्ती 3.16 पासून ती माहिती एडिटरला देण्याची प्रमाणित सोय आहे. क्लँगडी किंवा व्हिज्युअल स्टुडिओला ओव्हरलोड केलेला ऑपरेटर ओळखता येतो. पण तो तुम्हाला वेगळा दिसेल की नाही, हे तुमच्या थीमवर ठरतं. ही निवड थीमवर सोडू नये.

आक्षेप आहेत. पहिला, आधीच रंगांची होळी झाली आहे. मान्य; म्हणून प्रत्येक अर्थाला वेगळा रंग नकोच. ‘इथे फंक्शन बोलावलं जातंय’ एवढं सांगणारी एकच खूण पुरे, आणि ती अधोरेखेची असली तर रंगांधांनाही दिसेल. दुसरा आक्षेप जास्त खरा: टेम्प्लेटमध्ये प्रकार आधी ठरलेलाच नसतो, तिथे सर्व्हरही सांगू शकत नाही. मग ‘अनिश्चित’ अशी तिसरी खूण द्या. तपासणाऱ्याला तीही उपयोगाचीच.

जावाने 1995 मध्ये वापरकर्त्यांना ओव्हरलोडिंगच दिलं नाही. पायथनने 2015 मध्ये मॅट्रिक्स गुणाकाराला @ हे वेगळं चिन्ह दिलं. सी प्लस प्लसचा लाखो ओळींचा कोड आता बदलणार नाही. तो दाखवण्याची पद्धत बदलता येते.

आज एक करा. आपल्या एडिटरच्या सेटिंगमध्ये ‘ओव्हरलोडेड ऑपरेटर’ शोधा, त्याला खूण द्या आणि स्वतःचीच एखादी जुनी फाइल उघडा. किती गुणिले खरोखर गुणिले होते, ते मोजा.